बाथरूममधली शिडी

"पाणी अगदी छान कढत होतं गं," आंघोळ करून बाहेर आलेली आई म्हणाली. "नळ बंद करवत नव्हता."

मला वाटलं, कौतुक चाललंय. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य आलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. माझी आई तक्रार करत नाही. ती कौतुक करते, आणि त्या कौतुकाच्या शेजारी काय बिघडलंय ते आपण ओळखायचं असतं. पाणी कढत होतं, म्हणजे पाण्याबाहेरचं सगळं गार होतं. नळ बंद केला की त्या गारठ्यात उभं राहून अंग पुसायचं, म्हणून नळ बंद करवत नव्हता.

त्या खोलीत काय बदललंय हे मला शोधायची गरज नव्हती. बदल मीच केला होता. तीन आठवड्यांपूर्वी बाथरूमचा जुना रेडिएटर, म्हणजे बॉयलरचं गरम पाणी आत फिरवून खोली तापवणारा, काढून मी तिथे क्रोमची शिडी बसवली होती. शिडी म्हणजे तोही रेडिएटरच, पण टॉवेल टांगायचा, आडव्या नळ्यांचा, आरशासारखा चकचकीत. १,२०० मिलिमीटर उंच, ५०० रुंद. आली तेव्हा नवरा म्हणाला, "हॉटेलात आल्यासारखं वाटतंय." मीही दोन दिवस येता-जाता तिच्याकडे बघून खूश होत होते.

जुन्या रेडिएटरकडे असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. ६०० मिलिमीटर उंच, तेवढाच रुंद, पांढऱ्याचा पिवळट झालेला. वरच्या जाळीतून केसांच्या पिना आत पडायच्या आणि तिथेच राहायच्या. खालच्या शिवणीवर गंजाचे फोड आले होते, त्यातल्या एकातून थेंब यायला लागला आणि त्याचे दिवस भरले असं आम्ही ठरवलं. प्लंबरने तो सोडवला तेव्हा आतून शाईसारखं काळं पाणी सांडलं. लोखंडाचा काळा ऑक्साइड, वर्षानुवर्षं साठलेला. उचलायला दोघं लागली. भिंतीवर त्याच्यामागे एक चौकोन उरला होता, आम्ही विसरून गेलो होतो त्या जुन्या रंगाचा.

नवीन निवडताना मी काय पाहिलं, हे लिहायला आता लाज वाटते. आधी रूप, मग उंची, मग टॉवेल किती मावतील. ऊब अगदी शेवटी, तिकिटावर शिक्का मारावा तशी. इंटरनेटवर एक ठोकताळा सापडला: चौरस मीटरला १०० वॉट. आमची बाथरूम २.४ मीटर बाय १.८, म्हणजे ४.३ चौरस मीटर. म्हणजे ४३० वॉट. शिडीच्या माहितीत लिहिलं होतं १,६८६ बीटीयू. त्याला ३.४१२ ने भागलं की वॉट मिळतात, एवढं मला माहीत होतं. उत्तर आलं ४९४. हवेत ४३०, मिळतायत ४९४. वर साठेक वॉट शिल्लक! एवढा सोपा हिशेब जमल्याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

(बीटीयू म्हणजे एक पाउंड पाणी एक फॅरनहाइट अंशाने तापवायला लागणारी उष्णता, साधारण १,०५५ जूल. रेडिएटरच्या बाबतीत तो आकडा तासाचा असतो. आता वॉट सगळ्यांना समजतो, तरी बीटीयू काही जात नाही. माझा संशय असा, की एकक लहान असलं की आकडा मोठा दिसतो, आणि मोठा आकडा विकायला बरा.)

आईचं कौतुक तिसऱ्यांदा ऐकल्यावर मी बाथरूमच्या फळीवर एक छोटा थर्मामीटर ठेवला. सकाळी सहाला पाहिलं. बाहेर शून्याच्या आसपास, दार रात्रभर बंद, बॉयलर चालू होऊन बराच वेळ झालेला. आत १५ अंश.

शिडीला हात लावला तर चटका बसत होता.

इथे मी खरंच गोंधळले. शिडी थंड असती तर हवा अडकलीय, व्हॉल्व्ह बंद आहे, काही तरी निदान झालं असतं. पण ती तर तापलेली! नवऱ्याने त्याचा लाडका, बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर आणला. शिडीवर रोखला, खटका दाबला. २७. मी पुन्हा हात लावला आणि पुन्हा झटक्यात मागे घेतला. पुन्हा खटका. २६.

"बिघडलाय," नवरा म्हणाला.

भिंतीवर रोखला तर बरोबर वाटेल असं तापमान दाखवत होता. आमच्या हातावर रोखला, तेही बरोबर. फक्त शिडीलाच तो ओळखत नव्हता. मग मला रंगकामातून उरलेली कागदी चिकटपट्टी आठवली, कारण असं काहीसं मी कुठे तरी वाचलं होतं. एका नळीवर बोटभर पट्टी चिकटवली, दोन मिनिटं तापू दिली, आणि तिच्यावर थर्मामीटर रोखला. ५७. शेजारच्या उघड्या क्रोमवर, २७. एकाच नळीवर, एका बोटाच्या अंतरावर, तीस अंशांचा फरक!

थर्मामीटर बिघडलेला नव्हता. पृष्ठभागावरून जे अदृश्य किरण बाहेर पडतात ते तो मोजतो, आणि त्यावरून तापमान ओळखतो. कागद, रंग, कातडी, विटा असे बहुतेक पृष्ठभाग हे किरण भरभरून सोडतात. घासूनपुसून चकचकीत केलेला धातू मात्र हात आखडतो. त्याच तापमानाचा रंगवलेला पत्रा जेवढं सोडेल त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढंच सोडतो. उरलेली जागा तो परावर्तनाने भरतो. म्हणजे आमच्या बंदुकीने शिडीत पाहिलं ते मुख्यतः समोरच्या गार भिंतीचं प्रतिबिंब.

ही काही नवी गोष्ट नाही. जॉन लेस्ली नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८०४ साली एक धातूचा चौकोनी डबा घेऊन हेच दाखवलं होतं. डब्यात गरम पाणी, एक बाजू घासून लख्ख केलेली, एक काजळीने काळी केलेली, एकीवर कागद चिकटवलेला. आत तेच पाणी, तेच तापमान. पण चकचकीत बाजूसमोर ऊब जाणवेना आणि काजळीच्या बाजूसमोर ती भरपूर. कागदाच्या बाजूसमोरही. पुढे १८५९-६० मध्ये किर्खोफ या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचा नियम बांधला: जो पृष्ठभाग किरण चांगले परतवतो तो ते सोडण्यात कंजूष असतो. रेडिएटर ही वस्तूच लेस्लीच्या डब्यानंतरची. सेंट पीटर्सबर्गमध्ये फ्रान्झ सान गाल्लीने १८५५ च्या सुमारास तो बनवल्याचं श्रेय त्याला देतात. म्हणजे क्रोमच्या शिडीत काय उणं असणार, हे रेडिएटर जन्माला यायच्या पन्नास वर्षं आधी माहीत होतं, आणि मी पैसे मोजून ते उणं घरात आणलं.

क्रोमवर सगळं खापर फोडणंही बरोबर नाही, हे मला दोन दिवसांनी उमगलं. रेडिएटरची ऊब दोन वाटांनी येते. एक किरणांची, दुसरी हवेची: गरम नळीला टेकलेली हवा हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी खालून गार हवा येते, आणि खोलीत हळूहळू एक चक्र फिरू लागतं. ही दुसरी वाट क्रोम अडवत नाही. त्यामुळे एकाच मापाच्या रंगवलेल्या आणि क्रोमच्या शिडीत दहापटीचा फरक पडत नाही, वीस-तीस टक्क्यांचा पडतो. रंग पांढरा असो की काळा, किरणांच्या बाबतीत दोघे सारखेच. तो फरक फक्त आपल्या डोळ्यांना दिसतो. आणि गंमत अशी की मागे पन्हळी पत्रे लावलेल्या जाड पॅनल रेडिएटरमध्ये किरणांचा वाटा एकूण उबेच्या पाव हिश्श्याच्या आसपासच असतो, बाकी सगळं हवाच नेते. रेडिएटर हे नाव किरण सोडणाऱ्याचं, काम बहुतेक वाऱ्याचं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

मग ४९४ गेले कुठे? शिडीची माहिती मी पुन्हा उघडली, या वेळी खालपर्यंत वाचली. १,६८६ च्या डोक्यावर एक तारा होता. ताऱ्याचा खुलासा पानाच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात: डेल्टा टी ६०.

या डेल्टा टीपाशी मी एक आख्खी संध्याकाळ घालवली, आणि मला वाटतं रेडिएटर निवडण्याची खरी गोम तिथेच आहे. रेडिएटरला स्वतःची अशी ताकद नसते. बल्ब १० वॉटचा म्हणजे १० वॉटचा, तसा रेडिएटर ५०० वॉटचा नसतो. त्याच्यातलं पाणी सरासरी किती गरम आणि भोवतालची खोली किती गार, या दोन्हींतला जो फरक, तोच डेल्टा टी. ऊब त्याच्यावर ठरते. युरोपातलं प्रमाण, ईएन ४४२, असं धरतं की रेडिएटरमध्ये पाणी ७५ अंशांवर शिरलं, ६५ वर बाहेर पडलं आणि खोली २० अंशांवर आहे. सरासरी ७०, उणे २०, उत्तर ५०. माझ्या शिडीचा आकडा ६० धरून काढलेला होता, म्हणजे पाणी आणखी दहा अंश गरम समजून. ५० वर आणला की ४९४ चे झाले ३९०.

पण आमच्या घरात ५० तरी कुठे आहे? बॉयलर पाणी सोडतो ६५ ला. परतीच्या नळीवर चिकटपट्टी लावून मोजलं (आता पट्टी खिशातच असायची), तर ५५. सरासरी ६०. आणि बाथरूम मला २० वर नकोय. कपडे काढून ओलं उभं राहायच्या खोलीला २४ अंश धरतात. ६० उणे २४, म्हणजे ३६.

३६ हे ५० च्या ७२ टक्के आहेत, म्हणून ऊबही ७२ टक्के मिळेल असं मला वाटलं. तसं होत नाही. फरक कमी झाला की नळीवरून वाहणारी हवाही मंदावते, त्यामुळे ऊब फरकापेक्षा जास्त वेगाने घसरते. पॅनल रेडिएटरसाठी हिशेब साधारण १.३ च्या घाताने करतात, शिड्यांचा घातही त्याच्या जवळपासच असतो. ०.७२ चा १.३ वा घात, ०.६५. फरक निम्मा झाला तर ऊब चाळीस टक्क्यांवर येते. उष्मा पंपावर (बाहेरची ऊब विजेच्या जोरावर घरात ओढणारं यंत्र) चालणाऱ्या घरात पाणी ४५ ला येऊन ३५ ला परत जात असेल आणि बाथरूम २४ वर हवी असेल, तर त्याच रेडिएटरकडून छापील आकड्याचा पाव हिस्सासुद्धा मिळत नाही.

माझे ३९० चे झाले २५४.

आकडा खोटा नव्हता, हे मात्र मला कबूल करायला हवं. ४९४ वॉट ती शिडी खरंच देईल, तिला हवं तेवढं गरम पाणी पाजलं तर. आकड्याबरोबर एक अट होती आणि मी आकडा उचलला, अट तिथेच ठेवली.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही तपासायला हवा होता. मोजपट्टी घेऊन मी बाथरूममध्ये शिरले. आमची बाथरूम घराच्या कोपऱ्यात आहे, तिच्या दोन भिंती थेट बाहेर उघड्या. भरीव विटांच्या, नऊ इंची, आतून-बाहेरून कसलंही उष्णतारोधक आवरण नसलेल्या. अशा भिंतीच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, साधारण दोन वॉट निसटतात. खिडकी वजा जाता भिंत भरली ९.३६ चौरस मीटर. बाहेर शून्य, आत २४. गुणाकार केला: ४४९ वॉट. नुसत्या भिंतीतून! खिडकी दुहेरी काचेची पण जुनी, तिचे ४८. वरच्या माळ्यावर जाड दुलई अंथरलेली असल्यामुळे छताचे फक्त ३१. खालची खोली गरम, तिकडे फारसं काही जात नाही. तासाला दोनदा खोलीतली हवा बदलते असं धरलं तर तिचे १६५. बेरीज ६९३.

चौरस मीटरला १०० वॉट म्हणणाऱ्या ठोकताळ्याला यातलं काय माहीत होतं? त्याने जमीन मोजली. ऊब जात होती भिंतीतून.

पंधरा अंशांचं कोडंही इथे सुटलं. गणिताने खोली साडेबारापर्यंत उतरायला हवी होती, कारण तिथे पोचल्यावर शिडी देते तेवढं आणि भिंती खातात तेवढं सारखं होतं (खोली जितकी गार, तितकी शिडी थोडं जास्त देते, एवढी माणुसकी तिच्यात आहे). वरचे अडीच अंश शेजारच्या खोल्यांनी भिंतीतून उसने दिले होते.

पंख्याचा मुद्दा मला सगळ्यात मजेशीर वाटला. बाथरूमचा पंखा सेकंदाला १५ लिटर हवा बाहेर टाकतो, म्हणजे तासाला ५४ घनमीटर. एवढी हवा २४ अंशांनी तापवायची तर सव्वाचारशे वॉट लागतात, म्हणजे पंखा चालू असेपर्यंत तो एकटाच दोन्ही भिंतींएवढा खर्चिक! पण त्याने बाहेर टाकलेल्या हवेची जागा भरायला नवी हवा कुठून येते, ते पाहायचं. खिडकी बंद असेल तर ती दाराखालच्या फटीतून येते, बोळातली, आधीच २० वर तापलेली. मग बाथरूमला फक्त वरचे चार अंश भरायचे, सत्तर वॉटांत भागतं. बाकीचा भार घरातले इतर रेडिएटर मुकाट उचलतात. नवऱ्याला पंखा लावून वर खिडकीही किलकिली ठेवायची सवय होती. वाफ लवकर जाते म्हणे. वाफ जायचीच, पण बाहेरची शून्य अंशांची हवा सरळ आत येऊन आईच्या पाठीवर पडायची. ती खिडकी त्या दिवशी बंद झाली. फुकटात झालेली तेवढी एकच सुधारणा.

आईच्या पाठीवरून आठवलं. थर्मामीटर १५ दाखवत होता, पण तिला ते पंधरापेक्षा कमीच वाटत असणार. अंगावरचं पाणी वाळताना कातडीतून उष्णता ओढून घेतं, एका ग्रॅमला सुमारे २,४०० जूल. अंगावरचं दहा ग्रॅम पाणी पाच मिनिटांत हवेत उडालं तर ती ओढ ८० वॉटांची झाली. शांत बसलेल्या माणसाच्या शरीरात एकूण उष्णताच निर्माण होते ती १०० वॉटांच्या आसपास. म्हणजे मिळकत १०० आणि त्यातले ८० नुसत्या ओलाव्याला. वर समोर गार भिंती, पायाखाली टाइल. टाइल आणि पायपुसणं एकाच तापमानाची असतात, पण टाइल पायातली ऊब भराभर खेचून घेते म्हणून ती गार लागते. हे सगळं मी तोंडाने मोठमोठ्याने नवऱ्याला समजावत होते आणि आई बाहेरच्या खोलीत ऐकत होती. तिने फक्त विचारलं, "मग आता काय करायचंय?"

बॉयलर वाढवायचा, हा पहिला विचार. पाणी ७५ ला सोडलं तरी शिडीकडून ३५० वॉट मिळाले असते, लागणाऱ्याच्या निम्मे. शिवाय आमचा बॉयलर धुरातली वाफ गोठवून तिच्यातलीही ऊब परत मिळवणारा आहे. गॅसच्या बाबतीत त्यासाठी परतीचं पाणी ५५ अंशांच्या खाली असावं लागतं. एका बाथरूमसाठी सगळ्या घराचं पाणी उकळत ठेवायचं, म्हणजे घोडा लंगडतो म्हणून रस्ता खणायचा.

शिडीत विजेची कांडी बसवता येते, हेही कळलं. उन्हाळ्यात बॉयलर बंद असताना टॉवेल वाळवायला ती खरंच उपयोगी. तीत एक धोका आहे, तो मात्र कुणी आपणहून सांगत नाही: कांडी चालू करताना दोन्ही व्हॉल्व्ह बंद करायचे नाहीत. पाणी तापलं की फुगतं, आणि त्याला जायला वाट लागते. एक व्हॉल्व्ह उघडा ठेवायचाच.

खरं उत्तर भिंतीचं होतं. आतून सहा-सात सेंटिमीटरची उष्णतारोधक पाटी लावली की भिंतीचे ४४९ वॉट ८० पर्यंत उतरतात, आणि मग माझी ती देखणी शिडीही जवळजवळ पुरली असती. पण त्यासाठी टाइल फोडायच्या, बेसिन काढायचं, नळ हलवायचे. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. ज्या दिवशी टाइल बदलायच्या होतील त्या दिवशी पाटी आधी, टाइल नंतर, असं मी दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवलंय. टाइल बदलणारी मी नसले तरी जो कुणी बदलेल तो वाचेल.

उरला मोठा रेडिएटर. या वेळी उलटा हिशेब केला. लागतात ६९३, गारठलेली खोली लवकर तापावी म्हणून वर पंधरा टक्के, म्हणजे ८००. हे ८०० आमच्या ६० अंशांच्या पाण्यावर हवेत, म्हणून ०.६५ ने भागायचं. छापील आकड्यात शोधायचे साधारण १,२२५, तेही डेल्टा टी ५० च्या रकान्यात.

तेवढी ऊब देणारी शिडी शोधली तर ती माणसापेक्षा उंच आणि दारापेक्षा थोडीच अरुंद निघत होती. मग मी पॅनल रेडिएटरांकडे वळले, जिथे आधीच वळायला हवं होतं. त्यांच्या नावातले आकडे एकदा समजले की सोपे असतात: पहिला आकडा पॅनल किती, दुसरा मागे पन्हळी पत्रे किती. ११ म्हणजे एक पॅनल, एक पत्रा. २१ म्हणजे दोन पॅनल, मध्ये एक पत्रा. २२ म्हणजे दोन पॅनल, दोन पत्रे. ६०० उंचीच्या २२ ला रुंदीच्या मीटरमागे १,७०० वॉटांच्या आसपास मिळतात, २१ ला १,३०० च्या.

तेव्हा मला जुना आठवला. काढण्याआधीचा एक फोटो फोनमध्ये होता. मोठा करून पाहिला: दोन पॅनल, मध्ये एक पन्हळी पत्रा. २१. ६०० रुंद, म्हणजे ७८० वॉट. मी ७८० चा गडी काढून त्याच्या जागी ३९० चा ठेवला होता, आणि तो रुबाबदार दिसतो म्हणून पाहुण्यांना दाखवत होते. तो जुनासुद्धा कडाक्याच्या थंडीत खोली विशीच्या थोडी वर नेत असेल, त्याहून नाही. पण विशीत कुणी तक्रार केली नव्हती, कौतुकसुद्धा केलं नव्हतं.

दाराच्या चौकटीपासून बेसिनपर्यंत ९० सेंटिमीटर जागा. ८०० रुंदीचा बसला असता तर उत्तम, पण दोन्ही बाजूंच्या व्हॉल्व्हना जागा लागते, आणि ती कुणीच मोजत नाही. मी ७०० चा घेतला, २२ प्रकारचा. छापील साधारण १,१९०, आमच्या पाण्यावर ७७६. आठशेला चोवीस कमी. तेवढं चालवून घेतलं. जाडीही आधी मोजली. भिंतीपासून वीतभर नसली तरी त्याच्या जवळ जाते, आणि दात घासताना कोपर आपटणार असेल तर रोज सकाळी तो रेडिएटर शिव्या खातो.

प्लंबर तोच होता. शिडीसाठी जवळ आणलेल्या नळ्या पुन्हा लांब न्यायच्या म्हटल्यावर त्याने माझ्याकडे जे पाहिलं, ते मला पात्रच होतं. त्याने पाण्यात गंज रोखणारं औषध घातलं, हवा काढली, आणि परतीचा व्हॉल्व्ह अंदाजाने फिरवून गेला. नंतर मी दोन्ही नळ्यांवर चिकटपट्ट्या लावून तो पाव-पाव फिरवत बसले, येणं-जाणं यांत दहा अंशांचा फरक राहीपर्यंत. हिशेबाने तासाला ६७ लिटर पाणी. तांब्याची नळीही क्रोमसारखीच लबाड असते, पट्टीशिवाय आपलं तापमान सांगत नाही.

पहिल्या गोठत्या सकाळी फळीवरचा थर्मामीटर २३ वर होता.

आई आंघोळ करून बाहेर आली. काहीच बोलली नाही. मी वाट पाहिली. ती केस पुसत खुर्चीत बसली आणि दुसऱ्याच कशाबद्दल बोलू लागली, तेव्हा मला हायसं वाटलं.

शिडी टाकवली नाही. समोरच्या भिंतीवर तिला तशीच ठोकून घेतली, पाणी न जोडता, नुसती टॉवेल टांगायला. आधी आई टॉवेल नव्या रेडिएटरवर अंथरायची, नेमका वरच्या जाळीवर. मी तिला हवेचं चक्र, पन्हळी पत्रे, सगळं समजावून सांगितलं. वर झाकलं की हवा अडते, ऊब आतच राहते. तिने मन लावून ऐकलं, टॉवेल उचलला आणि शिडीवर नेऊन नीट घडी घालून ठेवला.

"टॉवेल ठेवायला ही शिडी फार छान आहे हो," आज सकाळी ती म्हणाली.

मी आत जाऊन टॉवेलला हात लावून पाहिला. बर्फ.